हयगयीचा गुन्हा : दंड हजाराचा, हिशोब लाखांचा

"किरकोळ केस आहे, हजार रुपये दंड भरला की सुटका." अपघातानंतर पोलीस ठाण्याच्या आवारात जमलेल्या नातेवाइकांपैकी कुणीतरी हे वाक्य बोलतोच. बोलणारा अगदीच खोटे सांगत नाही. सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे किंवा हयगयीने गाडी चालवण्याबद्दल भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ आहे आणि त्याची शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, एवढीच आहे. जुन्या दंड संहितेत हेच कलम २७९ होते. १ जुलै २०२४ पासून क्रमांक बदलला, दंडाचा आकडा होता तोच राहिला.

पण त्या हजार रुपयांकडे पाहून जे घर निश्चिंत होते, त्याला पुढे काय काय उभे राहते याची कल्पना नसते. एकाच अपघातातून तीन वेगवेगळ्या वाटा फुटतात. पहिली फौजदारी न्यायालयाकडे जाते, दुसरी आरटीओकडे आणि तिसरी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे. या तिन्ही ठिकाणी वेगळी माणसे बसलेली असतात, तिथले नियम वेगळे असतात, आणि एका ठिकाणी सुटलात म्हणून दुसरीकडे सुटलात असे होत नाही. विमा तुमच्या मदतीला येतो तो फक्त तिसऱ्या वाटेवर. तोही कागदपत्रे बरोबर असतील तरच.

आधी फिर्यादीची भाषा पाहू. आपल्याकडच्या अपघाताच्या एफआयआरमध्ये एक वाक्य जवळपास ठरलेले असते: आरोपीने आपल्या ताब्यातील वाहन रहदारीच्या नियमांकडे दुर्लक्ष करून, हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगात चालवून अपघात केला. भाषेचा शिक्षक म्हणून मला हा 'हयगय' शब्द नेहमी विचार करायला लावतो. यात इरादा नाही. कुणाला मारायचे, जखमी करायचे असे मनात नव्हते, हे कायद्यालाही मान्य आहे. जेवढी काळजी साध्या शहाण्या माणसाने घेतली असती तेवढी घेतली नाही, इतकाच आरोप असतो. म्हणूनच हा गुन्हा कुणाच्याही घरात येऊ शकतो. ज्या मुलाने आयुष्यात कुणावर हात उगारला नाही, तोही उद्या मोबाइलवर आलेला फोन बघता बघता आरोपी होऊ शकतो.

कलमे एकमेकांच्या मागे येतात

कलम २८१ सहसा एकटे येत नाही. समोरच्याला साधी दुखापत झाली तर त्याच संहितेचे कलम १२५ (अ) लागते. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे. हाड मोडले, डोळा गेला, म्हणजे गंभीर दुखापत झाली, तर १२५ (ब) खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड. आणि माणूस दगावला तर कलम १०६ (१). इथे कायदा पूर्वीपेक्षा कडक झाला आहे. जुन्या ३०४ (अ) मध्ये जास्तीत जास्त दोन वर्षे कैद होती, आता पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. हा गुन्हा जामीनपात्र आहे, त्यामुळे जामीन मिळतो. मात्र जामीन मिळाला म्हणजे खटला संपला असे नाही, हे घरातल्या मोठ्यांना पुन्हा पुन्हा सांगावे लागते. खटला वर्षानुवर्षे चालतो आणि प्रत्येक तारखेला एक दिवसाची मजुरी बुडते.

कलम १०६ ला दुसरे पोटकलमही आहे. अपघात करून पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद, असे ते सांगते. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी देशभर संप केला तो याच तरतुदीवरून. संहिता लागू झाली तेव्हा हे पोटकलम मागे ठेवण्यात आले. याचा अर्थ पळून जाणे आता चालते, असा कुणी घेऊ नये. मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ आधीपासून आहेच. जखमीला जवळच्या डॉक्टरकडे पोहोचवण्यासाठी शक्य ते करणे, पोलिसांना लवकरात लवकर आणि काही झाले तरी २४ तासांच्या आत कळवणे, विमा कंपनीला लेखी माहिती देणे, ही चालकाची कर्तव्ये त्यात लिहिली आहेत. जमाव चिडलेला असेल तर तिथे थांबण्याची सक्ती कायदा करत नाही, हेही त्यात स्पष्ट आहे. अशा वेळी तिथून निघून थेट जवळचे पोलीस ठाणे गाठावे. घरी जाऊन दार लावून बसणे किंवा मामाच्या गावी निघून जाणे यामुळे पुढे न्यायालयात आणि विमा कंपनीपुढेही आपली बाजू दुबळी होते.

याच्या जोडीला मोटार वाहन कायद्याचे कलम १८४, धोकादायक पद्धतीने वाहन चालवणे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सिग्नल तोडणे, चालवताना मोबाइल हातात धरणे, उलट दिशेने येणे, हे सगळे यात स्पष्ट शब्दांत आले आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

आता दुसरी वाट, आरटीओची. न्यायालयाचा निकाल लागण्याआधीही परवाना निलंबित होऊ शकतो. वेगमर्यादा ओलांडणे, सिग्नल तोडणे, मोबाइलवर बोलत चालवणे, दारू पिऊन चालवणे अशा गोष्टींसाठी किमान तीन महिने परवाना निलंबित करावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये राज्यांना दिला होता. ज्याची गाडी फक्त घरून दुकानापर्यंत जाते त्याला तीन महिने म्हणजे गैरसोय. रिक्षा, टेम्पो, ओला-उबर चालवणाऱ्या आपल्या शेकडो भावांसाठी तीन महिने म्हणजे घरातली चूल. आणि त्या तीन महिन्यांत पोटासाठी म्हणून गाडी काढली आणि पुन्हा काही झाले, तर तो विनापरवाना चालक ठरतो. विम्याची ढालही मग हातातून निसटते.

छत्तीस लाखांचा हिशोब

तिसऱ्या वाटेवर जरा जास्त वेळ थांबू, कारण घरे इथेच बुडतात.

समजा, अपघातात एक माणूस दगावला. वय ३२, प्लंबरचे काम, महिन्याची कमाई १८ हजार. घरी बायको, दोन लहान मुले आणि म्हातारी आई. न्यायाधिकरण भरपाई कशी काढते? वर्षाची कमाई झाली २,१६,०००. माणूस जगला असता तर कमाई वाढली असती, म्हणून चाळिशीच्या आतल्या स्वतःचे काम करणाऱ्याच्या उत्पन्नात ४० टक्के मिळवायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवून दिले आहे. झाले ३,०२,४००. त्याने स्वतःवर केला असता तो खर्च वजा करायचा. अवलंबून असलेली माणसे चार असतील तर एक चतुर्थांश. उरले २,२६,८००. याला वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणायचे. हे कोष्टक २००९ च्या एका निकालातून आले आहे आणि ३१ ते ३५ वयासाठी त्यात १६ हा आकडा आहे. गुणाकार करा. ३६,२८,८००. शिवाय दफनविधीचा खर्च, पत्नी आणि मुलांचे हरवलेले छत्र यासाठी ठराविक रकमा आणि त्यावर व्याज.

सातवी-आठवीच्या वर्गात शेकडेवारी शिकवताना हेच उदाहरण घ्यावे, असे मला कधी कधी वाटते.

मरण पावलेली स्त्री गृहिणी असेल तर? 'ती काही कमावत नव्हती' असे म्हणून आता भागत नाही. घरातल्या कामाला मोल आहे आणि ते भरपाईत धरले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले. गृहिणीचे उत्पन्न रोजंदारी मजुरापेक्षा कमी धरता येणार नाही, असे २०२४ मध्ये आणखी स्पष्ट केले. पहाटे सेहरी करण्यापासून रात्री सगळे झोपल्यावर ओटा पुसण्यापर्यंत राबणाऱ्या आपल्या अम्मी-आपांच्या कामाची दखल न्यायालयाने तरी घेतली.

ही रक्कम कोण देणार? गाडीचा थर्ड पार्टी विमा चालू असेल तर विमा कंपनी. माणसाच्या मृत्यू किंवा दुखापतीच्या भरपाईसाठी या विम्याला वरची मर्यादा नाही. ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकली आणि स्कूटरचा, थर्ड पार्टी हप्ता २०२२ मध्ये ठरलेल्या दराने वर्षाला ७१४ रुपये आहे, कर वेगळा. एका बाजूला ७१४ आणि दुसऱ्या बाजूला ३६ लाख. विमा नसेल तर ते ३६ लाख गाडीमालकाच्या आणि चालकाच्या डोक्यावर. न भरल्यास न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांना दाखला देते आणि जमीन महसुलाची थकबाकी वसूल करावी तशी ती रक्कम वसूल होते. याचा सरळ अर्थ घर आणि जमीन यांची जप्ती असा आहे.

फौजदारी न्यायालयातून निर्दोष सुटलात तरी इथे सुटाल असे नाही. तिथे गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. इथे कोणती बाजू जास्त संभवनीय वाटते, एवढेच पाहिले जाते.

विम्याबद्दल आपल्या घरांत एक संकोच असतो, त्याबद्दल दोन शब्द. सूद आणि गररच्या कारणाने उलमांनी व्यावसायिक विम्यावर शंका घेतल्या आहेत. त्या मनात आल्या तर त्यात हसण्यासारखे काही नाही. पण थर्ड पार्टी विमा ही आपल्या मर्जीची बाब नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे त्याशिवाय गाडी रस्त्यावर आणताच येत नाही. आणली तर पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. कायद्याने सक्तीच्या असलेल्या विम्याला सवलत सांगणारे मुफ्ती भरपूर आहेत. मनात खटक असेल तर आपल्या भरवशाच्या मुफ्तीसाहेबांना विचारावे. मात्र विचारायला जाईपर्यंत गाडी घरी उभी ठेवावी. हा विमा आपल्या गाडीसाठी नसून रस्त्यावरच्या परक्या माणसाच्या हक्कासाठी आहे, हेही प्रश्न विचारताना जरूर सांगावे.

विमा असूनही हात रिकामे

विमा काढला म्हणजे झाले, असेही नाही. चालकाकडे त्या प्रकारचा वैध परवाना नसेल तर विमा कंपनी हरकत घेते. अशा वेळी न्यायालये अनेकदा असा आदेश देतात की कंपनीने आधी पीडितांना पैसे द्यावेत आणि नंतर गाडीमालकाकडून वसूल करावेत. या पद्धतीवर सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सविस्तर निकाल दिला. पीडिताच्या घराला पैसे मिळतात हे चांगलेच आहे. पण मालकाला वाटते की कंपनीने भरले, प्रकरण मिटले. काही वर्षांनी वसुलीची नोटीस दारात येते तेव्हा घरात धावपळ उडते.

आखाती देशांतून सुट्टीवर आलेल्यांनी हे खास लक्षात घ्यावे. दुबईचा किंवा सौदीचा परवाना खिशात आहे म्हणून इथला मुदत संपलेला परवाना चालतो, असे नाही. विमानाचे तिकीट काढताना पासपोर्टची तारीख पाहतो, तशी परवान्याचीही पाहावी. एक गोष्ट मात्र चालकांच्या बाजूची झाली आहे. साध्या हलक्या वाहनाच्या परवान्यावर साडेसात टनांपर्यंतचे मालवाहू वाहन चालवता येते, त्यासाठी वेगळ्या नोंदीची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ठरवले. छोटा हत्ती किंवा पिकअप चालवणाऱ्यांवरची एक कायमची टांगती तलवार त्यामुळे दूर झाली.

विकलेल्या गाडीचाही प्रश्न आहे. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून दिल्या, पैसे घेतले, चावी दिली, आणि आपण मोकळे झालो असे आपण समजतो. घेणाऱ्याने नाव लावलेच नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असेच प्रकरण होते, गाडी एकापाठोपाठ अनेक हातांतून गेली होती. निकाल असा की आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक आणि जबाबदारीही त्याचीच. विकल्यावर १४ दिवसांत आरटीओला कळवण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर आहे. मेहुण्याला गाडी दिली, मित्राला विकली, अशा घरगुती व्यवहारांत आपण हे सगळ्यात जास्त विसरतो. नातेवाइकाला 'नाव लावून घे' म्हणायला आपल्याला लाज वाटते.

आणि अल्पवयीन मुले. आमच्या शाळेच्या फाटकाजवळ मुले स्कूटर लावत नाहीत. शंभर पावले अलीकडे गल्लीत लावतात आणि दप्तर सावरत चालत येतात, म्हणजे सरांना दिसू नये. सर रोज त्याच गल्लीतून येतात, हे त्यांना ठाऊक नाही. पालकांना बोलावले की उत्तर एकच, "सर, क्लास लांब आहे, आणि तो फार चांगली चालवतो." चांगली चालवत असेलही. पण सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना फक्त ५० सीसीच्या आतल्या बिनगिअर गाडीचा असतो, आणि घरोघरी असलेल्या स्कूटर ११० किंवा १२५ सीसीच्या आहेत. २०१९ मध्ये आलेल्या कलम १९९ (अ) प्रमाणे अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना नाही. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर त्याला जामीन मिळाल्याने देशभर संताप उसळला. निबंधाची ती गोष्ट सगळ्यांच्या लक्षात राहिली. मुलाच्या वडिलांनाही अटक झाली होती, हे मात्र फार थोड्यांना आठवते.

आपल्याच घरातल्या माणसांचे काय, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. दुचाकीचा फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर मागे बसलेली बायको किंवा बहीण त्यात धरली जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मानले आहे. पॅकेज पॉलिसी, म्हणजे ज्याला आपण फुल इन्शुरन्स म्हणतो, त्यात मागे बसणाऱ्याला संरक्षण असते. चालकाचे स्वतःचे म्हणाल तर, स्वतःच्याच हयगयीने जीव गमावलेल्या चालकाच्या कुटुंबाला विमा कंपनीकडून भरपाई मागता येणार नाही, या उच्च न्यायालयाच्या निकालात हस्तक्षेप करायला सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये नकार दिला. त्यासाठी वेगळे वैयक्तिक अपघात संरक्षण असते, मालक-चालकासाठी १५ लाखांचे. ते फक्त मालक स्वतः चालवत असेल आणि त्याच्याकडे वैध परवाना असेल तेव्हाच लागू होते. गाडी अब्बांच्या नावावर आणि चालवतो मुलगा, अशी आपल्याकडच्या निम्म्या घरांची रीत दिसते. त्या मुलाला हे संरक्षण नाही.

पुढच्या वर्षीचा हप्ता वाढेल का, हेही लोक विचारतात. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवते, तो तुमच्या गुन्ह्यावर वाढत नाही. स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीसाठी दावा केला तर मात्र नो क्लेम बोनस जातो. पाच वर्षे दावा न करता तो ५० टक्क्यांपर्यंत साठलेला असतो. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्या कोकणी नातेवाइकांना विचारा. तिथे निष्काळजी चालवण्याबद्दल परवान्यावर तीन ते नऊ गुण चढतात, चार वर्षे राहतात, आणि विमा घेताना ते सांगावे लागतात.

माफी आणि मुलांचा हक्क

आपल्या समाजात अपघातानंतर एक दृश्य वारंवार दिसते. जनाजा उठायच्या आधीच दोन्हीकडची वडीलधारी माणसे बसतात. मरहूमचे वडील म्हणतात, अल्लाहची मर्जी, आम्ही माफ केले. यात जे मोठेपण आहे त्याबद्दल मला आदरच आहे. सूरह निसामध्ये चुकून झालेल्या हत्येबद्दल दियतचा हुकूम आहे आणि वारसांनी ती माफ करण्याची मुभाही आहे, हे लहानपणापासून आपण ऐकतो. पण त्यावरून गावात एक समज पसरला आहे की आपसात मिटले म्हणजे पोलिसात जायची गरज नाही. हा समज दोन्ही घरांचे नुकसान करतो.

चालकाचे नुकसान असे की कलम १०६ चा गुन्हा आपसात मिटवता येणारा नाही. खटला सरकार चालवते, फिर्यादी कुटुंब नव्हे. दुखापतीचे कलम १२५ असेल तर न्यायालयाच्या परवानगीने तडजोड होऊ शकते, मृत्यूच्या प्रकरणात तशी सोय नाही. आज माफ करणाऱ्या घरातला एखादा चुलता चार महिन्यांनी फिर्याद देऊ शकतो. तोवर विमा कंपनीला कळवलेले नसते, पंचनामा नसतो, साक्षीदार पांगलेले असतात, आणि चालक एकटा पडतो.

मरहूमच्या घराचे नुकसान याहून मोठे. पन्नास हजार किंवा लाख रुपये हातात ठेवून स्टँप पेपरवर 'आमची काही तक्रार नाही' असे लिहून घेतले जाते. इद्दतमध्ये बसलेल्या विधवेला काय लिहिले आहे ते कुणी वाचूनही दाखवत नाही. वरचा छत्तीस लाखांचा हिशोब आठवा. अल्पवयीन मुलांच्या हक्कावर अशा कागदाने पाणी सोडता येत नाही, पण ते न्यायालयात सांगायला कुणी तरी उभे राहावे लागते, आणि एफआयआर आणि पंचनामा नसेल तर सांगणार कशाच्या आधारावर? चालकाला मनापासून माफ करा. त्याच्यासाठी दुआ करा. विमा कंपनीकडे दावा करणे म्हणजे माफी मागे घेणे नव्हे. ते पैसे त्या चालकाच्या खिशातून जात नाहीत आणि ते आजोबांचे नाहीत, नातवंडांचे आहेत. ही रक्कम मरहूमची मिळकत नसते, त्याच्यावर कोण किती अवलंबून होते ते पाहून न्यायाधिकरण वाटणी करते आणि मुलांचा हिस्सा साधारणपणे ती सज्ञान होईपर्यंत बँकेत ठेवायला सांगते.

दावा करण्यासाठी कायद्याने अपघातापासून सहा महिन्यांची मुदत दिली आहे. १ एप्रिल २०२२ पासून ती लागू झाली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, म्हणून मुदत उलटली असली तरी वकिलाला विचारल्याशिवाय हार मानू नये. दावा अपघात झाला त्या जिल्ह्यातच करावा लागतो असेही नाही, आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही करता येतो. म्हणजे नवरा पुण्याजवळ महामार्गावर गेला म्हणून रत्नागिरीच्या बाईने पुण्याच्या चकरा मारण्याचे कारण नाही. स्त्रियांना, त्यांचे उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यांचा फोन क्रमांक १५१०० आहे. वकिलाच्या फीच्या धाकाने घरी बसलेल्या बहिणींपर्यंत हा क्रमांक पोहोचवा. मोटारसायकलवर तिघे बसले होते म्हणून काही मिळणार नाही, असे एजंट घाबरवतात. तिघे बसल्यामुळेच अपघात घडला असे सिद्ध झाल्याशिवाय केवळ तेवढ्यावरून मृताची हयगय धरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले आहे.

पासपोर्टचा कागद

हजार रुपयांच्या त्या दंडाकडे पुन्हा येऊ. "साहेबांपुढे गुन्हा कबूल कर, दंड भर, आजच मोकळा हो," असा सल्ला न्यायालयाच्या व्हरांड्यात फुकट मिळतो. कबूल केले की तो दोषी ठरतो. हेच कबुलीपत्र न्यायाधिकरणात पुढे येते. पोलीस भरतीची, रेल्वेची, शिक्षकाची नोकरी शोधणाऱ्या मुलाला पडताळणीच्या अर्जात त्याचा उल्लेख करावा लागतो. असा उल्लेख केल्याने नोकरी जातेच असे नाही, छोट्या गुन्ह्यांकडे उदारपणे पाहावे असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितले आहे. नोकरी जाते ती बहुधा लपवल्यामुळे. म्हणून कबुली देण्याआधी स्वतःच्या वकिलाला विचारावे, व्हरांड्यातल्या माणसाला नव्हे.

खटला प्रलंबित असताना पासपोर्टचे काय होते, हा प्रश्न कोकणातल्या, मुंब्रा-भिवंडीच्या आणि मराठवाड्यातल्या घरांना जास्त जवळचा. पासपोर्ट कायद्याच्या कलम ६ प्रमाणे भारतातल्या फौजदारी न्यायालयात खटला चालू असेल तर नवा पासपोर्ट किंवा नूतनीकरण नाकारता येते. अर्जात हा प्रश्न विचारलेला असतो आणि तिथे 'नाही' लिहिणे हा वेगळा गुन्हा. बाहेरच्या देशांतल्या अनेक नोकऱ्यांसाठी पोलिसांचा दाखला लागतो, तिथेही तो खटला समोर येतो. यावर मार्ग आहे. १९९३ च्या सरकारी अधिसूचनेनुसार ज्या न्यायालयात खटला चालू आहे त्याच न्यायालयाकडून परदेशी जाण्याची परवानगी घेतली तर पासपोर्ट मिळतो. न्यायालयाने मुदत लिहिली असेल तर तेवढ्या मुदतीचा, लिहिली नसेल तर एक वर्षाचा. म्हणून परवानगी मागतानाच वकिलाला मुदत स्पष्ट लिहून मागायला सांगावे. सुट्टी संपायला आठ दिवस उरल्यावर हा अर्ज केला तर नोकरी हातची जाते. खटला उभा राहिला की लगेच करावा.

घरातल्या कपाटात काय आहे ते पाहा

जखमीच्या उपचाराची एक नवी सोय अजून पुष्कळांना माहीत नाही. मे २०२५ पासून केंद्र सरकारची योजना आहे. रस्ते अपघातातल्या जखमीला ठरलेल्या रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख न भरता मिळतात. मोटारीची धडक बसली की पहिला अर्धा तास 'पैसे कोण भरणार' यात जातो, तो वाचवण्यासाठी ही योजना आहे. मदत करणाऱ्या वाटसरूला पोलीस अडकवतील ही भीतीही आता धरू नये. कलम १३४ (अ) ने अशा माणसाला संरक्षण दिले आहे.

आणि आता उठून कपाटातून गाडीची पॉलिसी काढा. वरच्या बाजूला 'लायबिलिटी ओन्ली' लिहिले आहे की 'पॅकेज', ते पाहा. पहिले असेल आणि रोज तुमच्या मागे कुणी बसत असेल, तर पुढच्या नूतनीकरणाला दुसरी मागा. मुदतीची तारीख पाहा. सप्टेंबर २०१८ नंतर घेतलेल्या नव्या दुचाकींना थर्ड पार्टी विमा एकदम पाच वर्षांचा मिळाला, मोटारींना तीन वर्षांचा. त्यामुळे दरवर्षी तारीख पाहायची सवयच मोडली, आणि २०१९-२० मध्ये हौसेने घेतलेल्या कित्येक गाड्यांचा विमा केव्हाच संपलेला आहे. पॉलिसीवरचे नाव आणि आरसी बुकावरचे नाव एकच आहे का, ते पाहा. गाडी मरहूम अब्बांच्या नावावर राहिली असेल तर वारसाच्या नावावर करून घ्या. वैयक्तिक अपघात संरक्षणाच्या रकान्यात पैसे भरलेले दिसतात की शून्य, आणि त्याखाली वारस म्हणून कुणाचे नाव आहे, तेही वाचा. लग्नाआधी काढलेल्या पॉलिसीवर ते नाव बहुधा बदलायचे राहून गेलेले असते.